तहान लागणारं झाड

डिसेंबर संपत आला की जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर, बदनापूरच्या आसपासच्या बागांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसते. विहिरीत पाणी असतं, मोटर चालू असते, शेजारच्या गव्हाला पाळी चाललेली असते आणि मोसंबी मात्र कोरडीठाक ठेवलेली असते. पानं फिकी पडलेली, कडेने वळलेली, बरीचशी झाडाखाली गळालेली. नवख्या माणसाला वाटावं, मालकाने बाग सोडून दिली. मालकाला विचारलं तर तो शांतपणे सांगेल, "बाग ताणावर आहे."

ताण देणं हे मोसंबीच्या शेतीतलं सगळ्यात नाजूक काम. पावसाळा सरला की पाण्याच्या पाळ्या लांबवायच्या, मग पाणी पूर्ण तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतं, भारी काळ्या जमिनीत दोन महिनेही लागतात. साधारण पाव हिस्सा पानं गळाली की ताण बसला असं समजायचं. मग आळी करायची, खत द्यायचं आणि पाणी सोडायचं. पहिलं पाणी हलकं, ते आंबवणीचं. पुढचं जरा जास्त, ते चिंबवणीचं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तेच मेल्यासारखं झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. हा आंबे बहार. मृग बहाराला हेच काम उन्हाळा करतो आणि पाणी पहिला पाऊस देतो.

लहानपणी मला हा छळ वाटायचा. काकांना विचारलं तर ते म्हणायचे, "झाडाला मरायची भीती वाटली पायजे, मंग ते लेकरं काढतंय." इंजिनिअरिंग करून पुण्यात कोड लिहायला लागल्यावर, एका सुट्टीत मी सहज वनस्पतिशास्त्र वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की काकांचं वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याइतकंच नेमकं आहे. फक्त पाठ्यपुस्तकात भीतीला ॲबसिसिक ॲसिड म्हणतात.

लिंबूवर्गातल्या झाडाला फुलायला एक धक्का लागतो. स्पेनमध्ये तो थंडी देते. मराठवाड्यातली थंडी त्या मानाने तोकडी, म्हणून आपण तहानेचा धक्का देतो. मुळांना माती कोरडी लागली की झाडात ॲबसिसिक ॲसिड वाढतं, पानांवरची रंध्रं मिटतात, वाढ थांबते. शेंड्यांना लांब करणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक कमी होतं. वाढीवर खर्च होणारा स्टार्च साठून राहतो. पालवी फुटायची ते डोळे आता फुलाच्या दिशेने वळलेले असतात. पाणी मिळालं की ते उघडतात. म्हणजे बदनापूरचा बागायतदार काय करतो, तर झाडाच्या संप्रेरकांचं प्रमाण बदलतो. त्याचं हत्यार एकच, मोटरीचं बटण. आणि तो ते बंद ठेवतो.

हे लक्षात आल्यापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत गेली तीसेक वर्षं झाडांची जनुकं बदलून नेमकं हेच करायचा प्रयत्न चाललाय: संप्रेरकं वाढवणं, कमी करणं, झाड उंच करणं, बुटकं करणं, दुष्काळात हिरवं ठेवणं. ते काम एक दिवस मोसंबीपर्यंत आलं, तर बदनापूरच्या ताणाचं काय होईल?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, थेट तैवानच्या भातशेतीत.

तिथे आणि जपानमध्ये भातावर एक रोग पडायचा. काही रोपं इतरांपेक्षा भराभर उंच व्हायची, पिवळी आणि किडकिडीत दिसायची आणि दाणा न धरताच आडवी व्हायची. शेतकरी त्याला 'बाकानाए' म्हणत, म्हणजे साधारण 'वेडं रोप'. १९२६ साली एइची कुरोसावा या जपानी संशोधकाने तैवानमध्ये दाखवून दिलं की हे एका बुरशीचं काम आहे, आणि त्यासाठी बुरशी स्वतः हजर असायचीही गरज नाही. ती वाढवलेलं पाणी गाळून घेतलं आणि रोपांना दिलं, तरी रोपं तशीच वेडी होतात. त्या पाण्यातल्या पदार्थाला तेइजिरो याबुता यांनी १९३५ साली बुरशीच्या नावावरून जिबरेलिन हे नाव दिलं आणि १९३८ मध्ये त्याचे स्फटिक वेगळे केले. युद्धामुळे हे संशोधन बराच काळ जपानबाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं. पन्नासच्या दशकात ब्रिटन-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी ते उचललं, आणि मग लक्षात आलं की ही काही बुरशीची खासियत नाही. निरोगी वनस्पतीही स्वतःपुरतं जिबरेलिन बनवतच असतात.

दुसरी वाट ऑक्सिनची. डार्विनने म्हातारपणी आपल्या मुलाबरोबर गवताचे कोंब उजेडाकडे का वळतात यावर प्रयोग केले, त्यांचं पुस्तक १८८० चं. पुढे १९२६ ते २८ च्या काळात नेदरलँड्समध्ये फ्रिट्स वेंटने ओटच्या कोंबाचा शेंडा कापून आगरच्या तुकड्यावर ठेवला, मग तो नुसता तुकडाच शेंडा छाटलेल्या कोंबावर एका बाजूला टेकवला, आणि कोंब वाकला. शेंड्यातून काहीतरी रसायन खाली उतरतं हे सिद्ध झालं. चाळीसच्या दशकात, ऐन महायुद्धात, ऑक्सिनसारखं वागणारं एक कृत्रिम रसायन हाती लागलं: २,४-डी. ते जास्त दिलं की रुंद पानांचं तण वेडंवाकडं वाढून मरतं. जगातलं पहिलं मोठं यश मिळवणारं तणनाशक ते हेच.

आता मराठवाड्यात या. मोसंबीची फळगळ थांबवायला कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत कित्येक वर्षं काय असतं? शंभर लिटर पाण्यात दीड ग्रॅम २,४-डी किंवा दीड ग्रॅम जिबरेलिक ॲसिड, सोबत किलोभर युरिया. जे रसायन एका मात्रेत तण मारतं, तेच नखभर दिलं की देठाशी फळ घट्ट धरून ठेवतं. नाशिकच्या द्राक्षबागांत 'जीए'शिवाय पान हलत नाही. मण्याची लांबी त्यावर ठरते. ही सगळी औषधं कृषी सेवा केंद्रात 'संजीवकं' या नावाने मिळतात. फार गोड शब्द आहे. तैवानच्या वेड्या भाताचा आपल्या फवारणीच्या पंपाशी काही संबंध असेल असं त्या नावावरून कोणाला वाटणार नाही.

मोसंबीच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. फळ धरल्यावर फवारलेलं जिबरेलिन फळ टिकवतं. तेच ताणाच्या दिवसांत, डोळे फुलाकडे वळायच्या वेळी फवारलं, तर फुलं कमी येतात. लिंबूवर्गात जिबरेलिन फुलं रोखतं हे इस्राएलच्या संशोधकांनी १९६४ सालीच दाखवलंय. पदार्थ एकच आणि झाडही एकच, पण दोन-तीन महिन्यांच्या फरकाने परिणाम उलटा होतो. संप्रेरकाचं 'प्रमाण' हा शब्द त्यामुळे अर्धवटच आहे. ते कधी आणि झाडाच्या कुठल्या भागात, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

जनुकातून संप्रेरक बदलणं हे ऐकायला भविष्यातलं वाटतं. पण ते आपल्या ताटात येऊन साठ वर्षं होत आली. जपानच्या 'नोरिन १०' या बुटक्या गव्हापासून नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत जे वाण तयार केले, त्यातल्या लेर्मा रोहोचं अठरा हजार टन बियाणं भारताने १९६६ साली आणलं. बुटका गहू खताने लोळत नाही, ताकद काडीत न जाता दाण्यात जाते, हे शेतकऱ्याला लगेच पटलं. तो बुटका का आहे हे मात्र शास्त्रज्ञांना नेमकं कळायला १९९९ उजाडलं: त्या गव्हाचं एक जनुक असं बदललेलं आहे की जिबरेलिन असूनही त्याला ते नीट ऐकू येत नाही. भाताचं उलट. आयआर ८ आणि त्याच्या पिढीतले बुटके भात मुळात जिबरेलिनच कमी बनवतात, कारण ते बनवणारं एक एन्झाइम त्यांच्यात मोडलेलं आहे. हे कळलं २००२ साली. हरितक्रांतीवर आपण पाणी, खत, धरणं, राजकारण अशा सगळ्या बाजूंनी भांडतो, आणि ते भांडायलाही हवं. पण तिच्या मुळाशी एका संप्रेरकाचा आवाज कमी केलेला होता, हे शाळेत कोणी सांगत नाही.

बदनापूरचा या सगळ्याशी संबंध नुसता मोसंबीपुरता नाही. गावात कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तुरीच्या वाणांच्या नावात 'बीडीएन ७११', 'बीडीएन ७१६' असं असतं, त्यातलं बीडीएन म्हणजे आमचं बदनापूर. मोसंबी संशोधन केंद्रही इथलंच. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि त्याच तालुक्यात, दावलवाडीला, महिकोचं संशोधन केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात सुरू केलेली ही बियाणं कंपनी. २६ मार्च २००२ रोजी भारतात परवानगी मिळालेलं पहिलं जनुकबदल पीक म्हणजे बीटी कापूस, तो हिचाच. २००९ मध्ये मान्यता समितीपर्यंत पार झालेलं आणि ९ फेब्रुवारी २०१० ला जयराम रमेश यांनी रोखलेलं बीटी वांगंही हिचंच. म्हणजे देशातलं जनुकबदलाचं सगळ्यात गाजलेलं काम आणि देशातली सगळ्यात तहानेवर चालणारी बागायत, दोन्ही एकाच तालुक्यात शेजारी नांदतात. त्यांची गाठ मात्र पडलेली नाही. भारतात व्यापारी लागवडीसाठी जनुकबदल केलेलं एकही फळझाड नाही.

त्यामागे राजकारण आहे, न्यायालयं आहेत, पण झाडाचा स्वभावही आहे. कापसाचं पाकीट चुकलं तर पुढच्या जूनला दुसरं घेता येतं. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद द्यायचं सोडलं तेव्हा लोकांनी हळहळत का होईना, वाण बदलले, सोयाबीनकडे वळले. मोसंबी एकदा लावली की पहिला बहार धरायलाच चार-पाच वर्षं जातात आणि पुढची पंधरा-वीस वर्षं ती तुमच्या सातबाऱ्यावर उभी असते. चूक कळेपर्यंत मुलीचं लग्न, विहिरीचं कर्ज, सगळं त्या बागेच्या हिशेबावर बेतलेलं असतं.

तरी प्रयोग झाले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. त्यांची सुरुवात करणारा खरा कारागीर माणूस नाहीच. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू जखमेतून झाडात शिरतो आणि स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घालतो. त्या तुकड्यात ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही दोन संप्रेरकं बनवणारी जनुकं असतात. पेशी बेबंद वाढतात, बुंध्याशी गाठ येते आणि जिवाणू त्या गाठीत आरामात राहतो. झाडाची संप्रेरकं जनुकातून बदलायची कला या जिवाणूने माणूस जन्मायच्या आधीच साधलेली होती. १९७७ साली मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही डीएनएची चोरवाट सिद्ध केली, आणि पुढची बहुतेक जनुकबदल पिकं याच वाटेने आली.

स्वीडनमधल्या उमिओ गावच्या संशोधकांनी १९९५ मध्ये त्या जिवाणूचीच ऑक्सिनची जनुकं ॲस्पेन जातीच्या संकरित झाडात घातली. झाडाची वाढ आणि लाकडाची घडण दोन्ही बदलली. २००० साली त्यांनी जिबरेलिन वाढवणारं जनुक घातलं. झाडं उंच झाली, जाड झाली, लाकडातले तंतू लांब झाले. कागद कारखान्याला याहून काय हवं? पण एक मेख होती. त्या झाडांना मुळं फुटायला त्रास होऊ लागला. वर जिबरेलिन वाढवलं, तेच खाली मुळांच्या आड आलं. अमेरिकेत २००३ मध्ये उलटा प्रकार सापडला: जिबरेलिन मोडणारं जनुक पॉप्लरच्या एका रोपात जास्त चालू झालं आणि झाड इतकं ठेंगणं राहिलं की त्याचं नाव 'स्टम्पी', म्हणजे बुटकं, पडलं.

भारतात यातलं सगळ्यात जवळचं उदाहरण रबराचं. कोट्टायमच्या रबर संशोधन संस्थेत सायटोकायनिन बनवणारं जनुक रबराच्या झाडात घालण्याचं काम झालं. शेतापर्यंत पोहोचलं ते मात्र दुसरं जनुक, ताणात पेशींची झीज थोपवणारं आणि रबरातूनच घेतलेलं. २०१० च्या सुमारास त्याच्या चाचणीसाठी ज्या जागा ठरल्या, त्यात एक केरळातली होती आणि दुसरी आपल्या पालघरकडची दापचरी. केरळात विरोध झाला, गोष्ट रेंगाळली, आणि जून २०२१ मध्ये ते रोप जमिनीत लागलं ते थेट गुवाहाटीजवळ.

आता मुद्द्यावर येतो.

सायटोकायनिन पानाला तरुण ठेवतं. ते सतत बनवायला लावलं तर रोपाला नुसते फुटवे येतात आणि मुळं धरत नाहीत. म्हणून १९९५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला तंबाखूवर एक सुंदर युक्ती झाली. जनुकाला असं कळीचं बटण जोडलं की पान पिकायला लागलं तरच ते चालू होईल, आणि पान परत तरतरीत झालं की आपोआप बंद. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात याच धर्तीवर असा तंबाखू केला की दुष्काळाच्या ताणात त्याची पानं गळतच नाहीत. नेहमीच्या तीस टक्के पाण्यावरही त्याच्या उत्पन्नात फारशी घट आली नाही. हा निबंध वाचताना मराठवाड्यातल्या कोणाच्याही मनात जे यावं तेच माझ्या मनात आलं: हे मोसंबीत का नाही?

२०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी जालना जिल्ह्यात पाहिला, त्यांच्यासाठी हा प्रश्न कागदावरचा नाही. मी तेव्हा शाळेत होतो. लोक मोसंबीला टँकरने पाणी घालत होते. पाण्याचा खर्च झाडाच्या किमतीवर गेला तरी घालत होते, कारण वीस वर्षांचं झाड पैशात मोजता येत नाही. ज्यांना परवडलं नाही त्यांच्या बागा उभ्या वाळल्या. मग कुऱ्हाड, आणि रस्त्याकडेला सरपणाचे ढीग. तीस टक्के पाण्यावर जगणारं झाड त्या वर्षी कोणी दिलं असतं, तर लोकांनी दागिने मोडून घेतलं असतं.

पण दुष्काळात पान न गाळणारं झाड ताण कसा घेणार?

आंबे बहाराचं सगळं गणित झाडाला तहान लागण्यावर उभं आहे. मुळांनी कोरडी माती ओळखायची, पानांनी मान टाकायची, काही गळायची, वाढ थांबायची, तेव्हाच डोळ्यांत फूल ठरणार. तहान जाणवूच नये अशी सोय आपण झाडात केली, तर मालक मोटर बंद करून दोन महिने वाट पाहील आणि झाड हिरवंगार उभं राहील. पाणी सोडलं की फुटेल ती पालवी. तंबाखूत पान हेच उत्पन्न, म्हणून तिथे ही युक्ती शोभते. मोसंबीवर असा प्रयोग झालेला माझ्या वाचनात नाही, त्यामुळे हा माझा तर्क आहे; पण जी कडी तोडायची ती आणि बहार ज्या कडीला टांगलेला आहे ती, एकच आहे. बाहेरच्या देशातून, थंडीवर फुलणाऱ्या संत्र्यासाठी तयार झालेलं 'दुष्काळ सोसणारं' झाड आपल्याकडे आलं, तर दुष्काळात ते कदाचित जगेल. चांगल्या वर्षी ते फुलेल की नाही, हा प्रश्न विचारायचं स्पेनमधल्या माणसाला कारणच नाही.

यावर कोणी म्हणेल, मग दुसरी दुरुस्ती करा, ताणाशिवायच फुलणारं झाड बनवा. तेही अशक्य नाही. स्पेनच्याच व्हॅलेन्सियातल्या गटाने २००१ मध्ये लिंबूवर्गीय खुंटाच्या एका जातीत फुलं आणणारी जनुकं सतत चालू ठेवली, तर बियाण्यापासूनचं रोप, ज्याला फुलायला एरवी कित्येक वर्षं लागतात, पहिल्याच वर्षी फुललं. पण इथे मला दुष्काळातली दुसरी आठवण आडवी येते. २०१२-१३ मध्ये ज्यांच्या बागा वाचल्या, त्यातल्या अनेकांनी बहारच धरला नव्हता. असलेली फळं झाडून टाकली, फांद्या छाटल्या, आणि थोडंफार पाणी नुसतं झाड जगवायला वापरलं. बहार सोडणं हा बागायतदाराचा शेवटचा उपाय. फुलायचंच असं ठरवून आलेलं झाड त्याला तो सोडू देणार नाही.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर संप्रेरकाचं प्रमाण ही चालत्या प्रोग्रामला बाहेरून द्यायची किंमत आहे, आणि ती आपण कोडमध्ये कायमची कोरून ठेवायला निघालोय. आमच्याकडे असं केलं तर रिव्ह्यूमध्ये शिव्या बसतात, आणि आमचा कोड तरी दुसऱ्या दिवशी बदलता येतो.

बाहेरून देणं म्हणजे निर्धोक, असंही कोणी समजू नये. कोकणात हापूस एक वर्ष येतो, एक वर्ष रुसतो, म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पॅक्लोब्युट्राझोलची शिफारस केली. बाजारात ते 'कल्टार'. हे झाडात जिबरेलिन बनूच देत नाही, त्यामुळे वाढ थांबते आणि मोहोर येतो. मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासाप्रमाणे, मीटरला ३ मिली. मालकाने जपून दिलं तर झाड नीट चालतं. पण कोकणात बागा वर्ष-दोन वर्षांच्या कराराने चालवायला दिल्या जातात. करारावर घेणाऱ्याला यंदाचा मोहोर हवा असतो; झाड पुढे दहा वर्षांनी कसं असेल याच्याशी त्याला घेणं नसतं. मग मात्रा वाढते, कांड्या आखूड होतात, फांद्या वाळतात, झाड खंगतं. बटण हातात असणाऱ्याचं आणि झाड ज्याचं त्याचं हित वेगळं झालं, की साधं रसायनही झाडाचा घात करतं. जनुकाच्या बाबतीत ते बटण शेतकरी, कंत्राटदार कोणाच्याच हातात नसेल. वाण तयार करणाऱ्याने जे ठरवलं ते ठरलं.

म्हणून हे काम करूच नये, असं माझं म्हणणं नाही. उलट ते आता दाराशी आलंय. ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातला हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा 'डीआरआर धान १००', म्हणजे 'कमला', हा सरळसरळ संप्रेरकाचाच खेळ आहे. सायटोकायनिन मोडणारं एक एन्झाइम भातात असतं. ते बनवणारं जनुक ढिलं पडलं की लोंबीत दाणे वाढतात, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं होतं. हैदराबादकरांनी सांबा महसुरी या आवडत्या वाणात तेच जनुक क्रिस्परने कापलं. बाहेरचं जनुक आत राहिलेलं नाही, म्हणून मार्च २०२२ च्या नियमांनुसार अशा वाणाला बीटी वांग्याच्या वाटेने जावं लागत नाही.

मोसंबीला मात्र हा सोपा रस्ता जसाच्या तसा मिळणार नाही. भातात कापाकापी झाल्यावर क्रिस्परची अवजारं पुढच्या पिढीत निवडून बाहेर काढता येतात. मोसंबी हे मुळात पपनस आणि संत्रावर्गाच्या जुन्या संकरातून आलेलं झाड. तिचा पुन्हा संकर केला तर जे येईल ते मोसंबी नसेल. तिच्या बियांतूनही बहुतेक आईचीच नक्कल उगवते, आणि बागेसाठी तर आपण रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर डोळाच भरतो. अवजारं आत न सोडता संपादन करायच्या पद्धती आहेत, पण एका पेशीतून आख्खं झाड उभं करण्यापर्यंत सगळंच किचकट होतं. आणि एकदा साधलं की एका झाडाचे डोळे हजारो खुंटांवर जातील. जे बरोबर ते सगळ्या बागांत बरोबर आणि जे चुकलं तेही सगळ्या बागांत.

मला वाटतं, खुंटाकडे आधी पाहावं. डोळा बदलायचा नाही, फळ तेच ठेवायचं, आणि फक्त खालच्या मुळांना थोडं जास्त खोल, जास्त काटक करायचं. पाणी तोडल्याचा निरोप वर पानांपर्यंत पोहोचला पाहिजे, फक्त मूळ मरता कामा नये. असं काही करायचं तर चाचणीचा पहिला प्रश्न 'कमी पाण्यात किती दिवस तगलं' हा असून चालणार नाही. 'ताण बसला का, आंबवणीनंतर किती दिवसांनी फुललं, बहार सोडला तर तगलं का' हे विचारावं लागेल. ते विचारायला बदनापूरइतकी योग्य जागा नाही. मोसंबीचं केंद्र आहे, काळी जमीन आहे, ताण ओळखणारी माणसं आहेत. रोप लावल्यापासून पहिल्या बहारापर्यंत चार-पाच वर्षं, त्यानंतर निदान तीन-चार बहार आणि मधे एक खरा दुष्काळ, एवढं झाल्याशिवाय त्या वहीत लिहिण्यासारखं काही हाती लागायचं नाही. म्हणजे दहा-बारा वर्षं. तोवर पाणी कधी तोडायचं, हे काका डिसेंबरात ढेकूळ हातात चुरून ठरवतील.